पीसीचं घड्याळ रोज मागे पडतंय, सेल बदलला तरी तेच

कागदवाला_टेंभुर्णी:

नमस्कार मंडळी. ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स, सातबारा, पीक विमा असलं सगळं करायचं छोटं दुकान आहे माझं, आणि त्यातल्या एका पीसीने सध्या डोकं उठवलंय. असेंबल्ड मशीन आहे, एच६१ बोर्ड, थर्ड जनरेशनचा आय३, विंडोज १०. सकाळी चालू केला की घड्याळ मागे. कधी तास दोन तास मागे, कधी अख्खी रात्रच गायब, म्हणजे रात्री नऊला बंद केला असेल तर सकाळी दहाला उघडल्यावर नऊ वाजून दोन मिनिटं आणि तारीख कालचीच. आणि मधूनच एखाद्या दिवशी थेट २०१२ सालात जाऊन बसतो, त्या दिवशी तर एकही सरकारी साईट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही, तुमचं घड्याळ मागे आहे म्हणून सांगतो आणि समोर गिऱ्हाईक उभं.

बोर्डवरचा सेल बदलून झालाय. घड्याळाच्या दुकानातून तोच सीआर२०३२ आणला, टाकला, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच सुरू. सेटिंगमध्ये सेट टाईम ऑटोमॅटिकली चालूच आहे, टाईम झोन कोलकाता मुंबईवालाच आहे, ते बघितलंय.

अजून एक गंमत. काही दिवशी दुपारपर्यंत वेळ आपोआप बरोबर होते, मी हातसुद्धा लावत नाही. पण सोमवारी कधीच होत नाही, सोमवारी हातानेच लावावी लागते. हे काय गौडबंगाल आहे कळेना. इथल्या हार्डवेअरवाल्याला विचारलं तर म्हणाला मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. बोर्ड नवीन म्हणजे प्रोसेसर नवीन, रॅम नवीन, खर्च कुठल्या कुठे जातो. एवढ्याशा घड्याळासाठी कोण करणार ते, काही उपाय असेल तर सांगा.

ढिंगचाक२२:

सीमॉस बॅटरी बदल भावा. ५० रुपयाचं काम आहे.

तिखट_मिसळ:

@ढिंगचाक२२ अरे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय की त्यांनी सेल बदलला म्हणून, वाचत जा की राव जरा.

कागदवाला, मी आमच्या ऑफिसात असला एक पीसी होता त्याला जुगाड केला होता, टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन झालं की दोन मिनिटांनी टाईम सिंक मारायची कमांड लावून टाकली, कोणाला कळलंही नाही घड्याळ बिघडलंय ते. कॅबिनेट उघडायचं नसेल तर तसं करू शकता.

सोल्डरगन_इचल:

मिसळभाऊंचा जुगाड चालेल, पण नेट नसेल त्या दिवशी परत बोंब, आणि ज्या दिवशी २०१२ येतं त्या दिवशी ती कमांडपण हात वर करते. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. कागदवाला, बोर्डला अजून काही झालेलं नाही, उगाच नवीन घेऊ नका.

घड्याळाची तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आलं की मी सेलला हात लावायच्या आधी एकच विचारतो, वेळ जाते कधी? पीसी बंद असताना जाते की चालू असताना? कारण ही दोन घड्याळं वेगळी आहेत. पीसी चालू असतो तेव्हा तुम्हाला खाली कोपऱ्यात दिसतं ते विंडोजचं घड्याळ, ते विंडोज स्वतः चालवतं, सेलचा त्याच्याशी काही संबंध नाही. पीसी बंद झाला की बोर्डवरचं छोटं घड्याळ एकटं चालत राहतं, आणि सकाळी विंडोज उठलं की पहिल्यांदा त्यालाच विचारतं किती वाजले. तुमचं लक्षण वाचून तर स्पष्टच आहे, वेळ रात्रीच जाते.

आता पुढचा प्रश्न. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता का? पाडतच असाल, सगळे दुकानदार पाडतात, शॉर्टसर्किटची भीती. पीसी नुसता शटडाऊन केला आणि भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) पाच व्होल्टची एक स्टँडबाय लाईन बोर्डला मिळत राहते, छोटं घड्याळ त्याच्यावरच चालतं, सेलला काही काम नसतं. बटण पाडलं की सगळा भार सेलवर.

म्हणून आज रात्री एक करा. मेन पाडू नका, निदान या पीसीचा प्लग तेवढा चालू राहू द्या, बाकी सगळं नेहमीसारखं. सकाळी विंडोज सुरू होऊ द्यायच्या आधी डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा आणि तिथली वेळ मोबाईलशी ताडून बघा. बायोसमध्येच बघा, विंडोजमध्ये गेलात की ते मध्ये हात मारतं आणि कळत नाही. वेळ बरोबर असेल तर घड्याळ ठणठणीत आहे, गडबड सेलपासून घड्याळापर्यंतच्या वाटेत आहे. प्लग चालू असूनही मागे पडलं तर मग बोर्डवर संशय घेऊ.

कागदवाला_टेंभुर्णी:

बरोबर ओळखलंत, मेन पाडूनच जातो, वडिलांचा नियमच आहे. काल फक्त पीसीचं बटण चालू ठेवलं, सकाळी बायोसमध्ये बघितलं तर मोबाईल आणि बायोस मिनिटाला मिनिट बरोबर!! म्हणजे आता रोज बटण चालू ठेवायचं का? आमच्याकडे रात्री लाईट जाते ती वेगळीच, तेव्हा परत मागे पडणार.

सोल्डरगन_इचल:

उत्तम, म्हणजे बोर्ड वाचला. बटण चालू ठेवणं हा उपाय नाही, ती फक्त चाचणी होती.

आता वाटेत काय काय असतं ते सांगतो. सेल, सेलचा होल्डर, त्याच्या पुढे एक बारकासा डायोड आणि रेझिस्टन्स, मग चिपसेटमधलं घड्याळ. सेल तीन व्होल्टचा, नवाकोरा असला तर मीटरवर ३.२ च्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली दाखवला की मी सरळ बदलतो, कारण पुढे डायोडमध्ये अजून थोडं पडतं आणि चिपपाशी साधारण २ व्होल्टच्या खाली गेलं की भरवसा नाही. अशा अर्धमेल्या अवस्थेत एक गंमत होते, घड्याळाचा ठोका थांबतो पण आत लिहिलेली वेळ पुसली जात नाही, मग सकाळी जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू. तुमचं नऊ वाजून दोन मिनिटं ते हेच. आणि व्होल्टेज पुरतंच गेलं की सगळंच पुसतं, मग बायोस आपल्या मनातली जुनी तारीख लावतं, ते तुमचं २०१२.

तुमच्याकडे दोन्ही होतंय, कधी हे कधी ते. नुसता उतरलेला सेल असता तर दिवसेंदिवस वाईटच होत गेला असता, मध्येच बरा मध्येच वाईट असं नसतं झालं. म्हणून माझा संशय होल्डरवर. मल्टीमीटर आहे का? नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तासभर आणा.

आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः साटा मोड (बोर्ड हार्डडिस्कशी कसा बोलतो ते) कशावर आहे ते, एएचसीआय की आयडीई. सेल काढल्यावर सेटिंग डीफॉल्टला जाते आणि हा मोड बदलला तर विंडोज निळा स्क्रीन देऊन बसतं, मग लोक म्हणतात सेल बदलला आणि हार्डडिस्क उडाली. फोटो झाले की प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट उघडा.

पहिलं माप, सेल बाहेर काढून. दुसरं माप सेल परत बसवून, काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला आणि लाल पिन होल्डरच्या धातूच्या पट्टीला. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत आणि स्थिर राहिले पाहिजेत. लाल पिन लावलेली असतानाच सेलवर बोटाने हलकं दाबून बघा, आकडा नाचला तर चोर सापडला.

पेंग्विन_पुणे:

यांचं सोडून, पण हा धागा उद्या दुसरं कोणी शोधत येईल म्हणून लिहून ठेवतो. तुमचं घड्याळ जर बरोब्बर साडेपाच तासांनी मागे किंवा पुढे असेल, ना एक मिनिट कमी ना जास्त, तर सेलबिल काही नाही, तुम्ही एकाच मशीनवर विंडोज आणि उबंटू दोन्ही टाकलेत. उबंटू म्हणजे लिनक्स, आणि लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं आणि विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे दोघं आळीपाळीने एकमेकांचं बिघडवत बसतात. यातल्या एकाला दुसऱ्यासारखं वागायला लावायचं, म्हणजे लिनक्सला टाईमडेटसीटीएल कमांडने स्थानिक वेळ ठेवायला सांगायचं नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअल टाईम इज युनिव्हर्सल ही नोंद एकवर करायची. मी दुसरं करतो.

तसंच नवीन विंडोज टाकल्यावर साडेबारा नाहीतर साडेतेरा तासांचा फरक दिसला तर टाईम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय. फरक गोल आकड्यात आणि कायम तेवढाच असेल तर कॅबिनेट उघडू नका एवढंच.

जुना_खेळाडू:

सोल्डरगनने छान सांगितलंय, मी फक्त भर घालतो, रिटायर माणूस, वेळच वेळ आहे.

बोर्डवर त्या सेलजवळच कुठेतरी तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी नळी दिसेल, ते क्वार्ट्झ क्रिस्टल. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं. आकडा विचित्र वाटतो पण १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि हे निम्मं करणं सर्किटला सगळ्यात सोपं. मनगटी घड्याळातही हेच क्रिस्टल असतं. आता साधारण क्रिस्टल दहा लाखात वीस इकडेतिकडे होतं, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास, महिन्याला मिनिटभर. एवढं चुकणं कुठल्याही पीसीचा हक्क आहे, त्यासाठी कोणी सेल बदलू नये. तास तास मागे पडायला लागलं तर मात्र क्रिस्टलचा दोष नसतो, ते थांबलेलंच असतं, खायला न मिळाल्यामुळे.

आणि सेल किती टिकतो याचा हिशोब पण करून बघा. सीआर२०३२ मध्ये साधारण २२० मिलिॲम्पिअर अवर असतात, घड्याळ पाच-सहा मायक्रोॲम्पिअर खातं. पाचने धरलं तरी ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं, तेही प्लग कायम काढून ठेवला तर. म्हणून कोणाचा चांगला नवीन सेल तीन महिन्यांत संपत असेल तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे असं समजा, बहुतेक वेळा तो डायोड नाहीतर शेजारचा एखादा कपॅसिटर.

आत्ताची पोरं सुखी आहेत हो. ३८६-४८६ च्या काळात बोर्डवर निकेल कॅडमियमची निळी नळकांडी बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची, ती फुटली की आतलं पाणी बोर्डच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकायचं. आणि डॅलसची ती काळी ठोकळ्याची चिप, डीएस१२८७, बॅटरी आणि क्रिस्टल दोन्ही आत ठासून वरून इपॉक्सी ओतलेलं, बॅटरी संपली की अख्खी चिपच फेकायची. आम्ही कानशीने घासून वरून वायर जोडायचो.

कागदवाला_टेंभुर्णी:

झालं, केलं सगळं. मीटर शेजारच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणला. आकडे सांगतो.

सेल बाहेर, ३.०९. म्हणजे सेल बरा आहे ना? आत बसवल्यावर पट्टीवर आधी २.४, मग बघता बघता १.७, आणि बोटाने दाबलं की टुणकन ३ च्या वर!! सोडलं की परत खाली. सोल्डरगन साहेब तुम्ही तिथे इचलकरंजीत बसून कसं ओळखलं हो.

सेल काढून टॉर्च मारून बघितलं. होल्डरच्या तळाला जी पातळ पितळी जीभ असते ना, जी सेलला खालून टेकते, ती एका बाजूने पार चपटी झालीये आणि तिच्यावर हिरवट पांढरी पूड बसलीये. वरती त्याच बाजूला पत्र्याला गंज पण आहे. मागच्या पावसाळ्यात छत गळत होतं आणि पीसी तिथेच खाली होता, बहुतेक तेव्हाचं असणार. आणि स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा आहेत, कोणाच्या काय माहीत, हा पीसी सेकंडहँड घेतलेला.

आता हे साफ कशाने करू? पेट्रोल चालेल का?

सोल्डरगन_इचल:

पेट्रोल नको बाबा! आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे, त्याच्याकडूनच टोपणभर मागा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावून ती जीभ पुसा, पूड हट्टी असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा, रबराचे कण परत काडीने काढा. सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि सहा महिन्यांत परत गंजतं.

मग लाकडी टूथपिकने जीभ मधून किंचित वर उचला. किंचित म्हणजे अगदी किंचित, मोडली तर होल्डर बदलायला बोर्ड सोल्डरिंगला द्यावा लागेल. सेलही फडक्याने पुसून बसवा, चकतीच्या दोन्ही बाजूंना बोटं लावू नका, कडेने धरा. अधिकची बाजू वर. पाच-दहा मिनिटं वाळू द्या, मग मीटर लावा.

३.०९ चा सेल आत्ता चालेल, पण नवा म्हणून आणलेला आणि ३.०९ म्हणजे दुकानात बराच काळ पडून असावा. पुढच्या वेळी नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद पाकिटातला, तारीख बघून घ्या. सुट्टा डब्यातून काढून दिलेला घेऊ नका.

आणि हो, जुना सेल टेबलावर टाकू नका, दुकानात लहान पोरं येतात. पोटात गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम करतो, अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. चिकटपट्टी गुंडाळून बाजूला ठेवा.

रॅक_नंबर_७:

दिवसभर सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे सोमवारच्या कोड्यावर बोलायचा मोह आवरत नाहीये, ते कोणी सोडवलंच नाही अजून.

कागदवाला, दुकान रविवारी बंद असतं ना? मग हिशोब बघा. मंगळवार ते शनिवार पीसी रात्री नऊ ते सकाळी दहा बंद, जास्तीत जास्त १३ तास मागे पडतो. सोमवारी मात्र शनिवारी रात्री नऊपासूनचे, म्हणजे ३७ तास. आता विंडोजची जी टाईम सर्व्हिस आहे तिला घरगुती किंवा दुकानाच्या साध्या पीसीवर मूळ सेटिंगमध्ये ५४,००० सेकंदांची मर्यादा असते, म्हणजे १५ तास. फरक त्याच्या आत असेल तर नेट आल्यावर ती कधीतरी गुपचूप दुरुस्त करते, तीच तुमची दुपार. फरक त्याच्याबाहेर गेला की तिला वाटतं सर्व्हरच खोटं सांगतोय, आणि ती घड्याळाला हात लावत नाही. १३ आत बसतात, ३७ बाहेर, २०१२ तर फारच बाहेर.

खात्री करायची असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा, टाईम सर्व्हिसची ३४ नंबरची नोंद शोधा, त्यात हेच लिहिलेलं असतं की एवढा मोठा बदल मी करणार नाही.

त्यामुळे मिसळभाऊंच्या जुगाडाबद्दल सोल्डरगन म्हणाले ते खरं आहे. वेळ फार चुकलेली असताना सिंकची कमांड मारली तर बदल खूप मोठा आहे असं सांगून ती परत येते. आधी हाताने तारीख आणि अंदाजे तास लावायचे, मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डब्ल्यू३२टीएम, एक स्पेस, स्लॅश रीसिंक (सगळं इंग्रजीत, छोट्या अक्षरात). सर्व्हिस बंद आहे असं म्हणाली तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज टाईम सुरू करा, ते पीसी फास्ट करून देणारे फुकटचे सॉफ्टवेअर बऱ्याचदा ती बंद करून ठेवतात. तरीही सिंक होत नसेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा, तिथे झालं तर राऊटर नाहीतर केबलवाला यूडीपीचा १२३ पोर्ट अडवतोय, नेटवरची वेळ त्याच वाटेने येते.

सर्व्हर म्हणून टाईम डॉट विंडोज डॉट कॉम असतो, तो ठीक आहे. पण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा पण आहे, टाईम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. भारताची अधिकृत वेळ हीच प्रयोगशाळा ठेवते, सीझियमच्या अणुघड्याळांवर. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, त्यात कंपन्या, डेटा सेंटर वगैरेंनी आपली घड्याळं एनआयसीच्या (सरकारी संगणक केंद्र) नाहीतर एनपीएलच्या, म्हणजे याच प्रयोगशाळेच्या, सर्व्हरशी जुळवावीत असं आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळं तिकडेच वळवलेलं आहे. तुमच्या दुकानाला कोणी विचारायला येणार नाही, पण टाकायला हरकतही नाही.

ज्यांचा पीसी ऑफिसच्या डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरवरून लॉगिन होणाऱ्या नेटवर्कमध्ये) आहे त्यांनी मात्र यातलं काहीही करू नका. तिथे वेळ डोमेन कंट्रोलरकडून येते, आणि पाच मिनिटांच्या वर फरक पडला तर मूळ सेटिंगमध्ये लॉगिनच नाकारलं जातं. आयटीवाल्याला फोन करा.

एफपीएस_किंग:

ओके पण माझं उलटं आहे. पीसी बंद असताना टाईम बरोबर, गेम खेळत असताना मागे पडतो. दोन तासात पाच सात मिनिटं. सेल नवीनच आहे, बोर्डपण नवीन.

सोल्डरगन_इचल:

@एफपीएस_किंग मग सेल नाहीच, वर लिहिलंय तसं चालू असताना जातंय म्हणजे विंडोजचं घड्याळ. ओव्हरक्लॉकिंगचं सॉफ्टवेअर टाकलंय का? बेस क्लॉक (प्रोसेसरचा मूळ ठोका) विंडोजमधूनच हलवणारं?

एफपीएस_किंग:

हो टाकलंय. बेस क्लॉक थोडा खाली करून मल्टिप्लायर वर नेलाय, एका व्हिडिओत बघून.

रॅक_नंबर_७:

तेच आहे. चालू विंडोजमध्ये बेस क्लॉक बदलला की विंडोजने सुरुवातीला जो वेग मोजून ठेवलेला असतो तो आणि खरा वेग जुळत नाही, मग त्याचा सेकंदच लांबतो. बेस क्लॉक ६ टक्के खाली केलात तर पाच मिनिटांत १८ सेकंद जातात. २०१३ मध्ये याच कारणाने एचडब्ल्यूबॉटवाल्यांनी (ओव्हरक्लॉकिंगचे स्कोअर नोंदवणारी साईट) विंडोज ८ वरचे बेंचमार्क घेणं थांबवलं होतं, कारण घड्याळ हळू चाललं की स्कोअर फुगतो. तुमचे एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढलेले दिसत असतील तर त्यातलेही काही हवेतले असू शकतात. जे काही बदलायचं ते बायोसमध्ये बदला आणि रीस्टार्ट करा, आणि ते सॉफ्टवेअर काढा.

एफपीएस_किंग:

😭 तरीच.

कागदवाला_टेंभुर्णी:

अपडेट देतो. अल्कोहोलने पुसलं, खोडरबर लावलं, जीभ टूथपिकने उचलली, हात थरथरत होता राव. आता पट्टीवर ३.०७ आणि दाबा नाहीतर सोडा, हलत नाही. बायोसमध्ये फोटो बघून सेटिंग लावली, साटा खरंच आयडीईवर गेलं होतं, फोटो नसता तर माझी वाट होती. रविवार मध्ये आला, मेन पाडूनच गेलो होतो, सोमवारी सकाळी बायोसमध्ये मोबाईलपेक्षा चार सेकंद मागे. जुना खेळाडू काकांच्या हिशोबाप्रमाणे एवढं चालतं.

रॅकवाले साहेब, ३४ नंबरची नोंद सापडली, एक नाही ढीगभर, सगळ्या सोमवारच्या आणि त्या २०१२ च्या दिवशीच्या. वडिलांना दाखवलं तर म्हणाले रविवारी पण दुकान उघडत जा मग.

नवीन बोर्डचा खर्च वाचला, मंडळी मनापासून आभार. होल्डर कधी बदलावा लागला तर साधारण काय घेतात ते पण सांगून ठेवा कोणीतरी.

सोल्डरगन_इचल:

होल्डरची किंमत काही नाही, मजुरीच असते, गावागणिक वेगळी. पण मोबाईल रिपेअरिंगवाल्याला देऊ नका ते काम, बोर्डच्या आतल्या जाड तांब्याला त्यांची बारीक सोल्डरगन पुरत नाही, टीव्ही नाहीतर यूपीएस दुरुस्त करणारा बघा. आणि पीसी जमिनीवरून उचलून स्टूलवर ठेवा आता.

देवगड_हापूस:

मी पण यातच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. लॅपटॉप आहे, सात आठ वर्षं जुना, मेन बॅटरी पार गेली म्हणून काढूनच ठेवलीये, थेट चार्जरवर वापरतो. चार्जर काढला की तारीख जाते. लॅपटॉपला पण असा सेल असतो का?

जुना_खेळाडू:

बऱ्याच लॅपटॉपना असतो. तोच सीआर२०३२ पण काळ्या किंवा पिवळ्या रबरी आवरणात गुंडाळलेला, दोन वायरी आणि छोटा कनेक्टर. तुमच्याकडे मेन बॅटरी होती तोवर घड्याळ तिच्यावरच जगत होतं, आता ती काढल्यावर सगळा भार या म्हाताऱ्या सेलवर पडलाय. काही मॉडेलमध्ये चार्ज होणारी छोटी चकती असते, एमएल ने सुरू होणारा नंबर असतो तिचा, तिच्या जागी साधा सीआर चुकूनही टाकू नका, साधा सेल चार्ज झाला तर फुगतो, फुटूही शकतो. आणि काही नवीन लॅपटॉपमध्ये वेगळा सेल नसतोच, सगळं मेन बॅटरीवर. आधी तळाचं झाकण उघडून आत काय आहे त्याचा फोटो टाका, नंबर दिसेल असा, मग सांगतो.

देवगड_हापूस:

रविवारी उघडतो आणि टाकतो काका.